थोडंसं वारं होतं, म्हणालात

लेस्टर,
14 जून

ती. आप्पा व ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला. ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ अजून एक डबा शिल्लक आहे, त्यामुळे जेवणाची काळजी करू नका. रविवारच्या फोनवर आप्पांनी तीनदा "हवा कशी आहे?" विचारलं आणि आई नुसतं "बरं बरं" म्हणत राहिली, तेव्हाच ठरवलं की आता लिहूनच सांगायचं.

नोकरी गेली. गेल्या महिन्यातच गेली. आधी पूर्ण वाचा, मग काळजी करा.

इथल्या लोकांची एक सवय आहे, ती समजल्याशिवाय हे सगळं कसं झालं ते कळणार नाही. मोठं नुकसान झालं की ही माणसं लहान शब्द शोधतात. ऑफिसचा सर्व्हर चार दिवस बंद होता, त्याला 'हिकप' म्हणाले. हिकप म्हणजे उचकी! आपल्याकडे उचकी लागली तर कुणीतरी आठवण काढतंय म्हणतात, इथे उचकी लागली आणि महिन्याचा सगळा हिशोब पुन्हा मांडावा लागला. नवीन काम पहिल्याच आठवड्यात बिघडलं तर 'टीथिंग ट्रबल', म्हणजे बाळाला दात येतानाचा त्रास. एखादी गोष्ट पार हातची गेली तर ती 'पेअर-शेप्ड' झाली, नासपतीच्या आकाराची. छत गळून माझी गादी भिजली तेव्हा घरमालकीणबाई म्हणाल्या, "नॉट आयडियल." मला आधी वाटायचं, यांना कशाचं काही वाटतच नाही. तसं नाही. त्याच बाईंनी रात्री अकराला स्वतःची गादी माझ्या खोलीत आणून टाकली होती. दुःख मोठ्याने बोलून समोरच्यावर ओझं टाकायचं नाही, असं यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. समोरच्याने ते ओळखून घ्यायचं असतं. मला ओळखता आलं नाही. एप्रिलमध्ये साहेबांनी सगळ्यांना बसवून "अ बिट ऑफ अ सेटबॅक", म्हणजे थोडीशी पिछेहाट, सांगितला, तेव्हा मला वाटलं एखादी ऑर्डर रद्द झाली असेल. शेजारची मुलगी मात्र त्याच संध्याकाळी दुसरीकडे अर्ज करायला बसली.

तीन आठवड्यांनी अकरा जणांना पत्रं आली. त्यात शब्द होता 'रिडंडंट'. मामा विचारतील म्हणून सांगते, याचा अर्थ कामात चूक झाली असा नाही. ते पदच उरलं नाही, तेव्हाच हा शब्द वापरतात. घरमालकीणबाई पूर्वी शाळेत लॅटिन शिकवायच्या. त्या म्हणाल्या, मूळ शब्दात पाण्याची लाट आहे, भरून काठाबाहेर सांडलेली. मला आपली तापी आठवली, हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावरची.

त्या रात्री आम्ही दोघी बराच वेळ शब्दांवरच बोलत बसलो. नोकरीवर बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. 'डिझास्टर'मध्ये वाईट तारा आहे. मी म्हटलं, आम्हीही ग्रह फिरले म्हणतो. 'बँकरप्ट' म्हणजे इटलीतल्या सराफाचं मोडलेलं बाकडं. मग मी त्यांना दिवाळं सांगितलं. आप्पा, तुम्हीच सांगितलं होतंत ना, बुडालेला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसायचा म्हणून? त्यांना ते फार भिडलं, दोनदा विचारून घेतलं. त्यांनी 1815 चं, नेपोलियन हरला ते वॉटर्लू सांगितलं, कुणाचा कायमचा पराभव झाला की त्याला वॉटर्लू भेटलं म्हणतात. मी 1761 चं पानिपत सांगितलं, आणि 'संक्रांत आली' हेही. वाटोळं, बट्ट्याबोळ, धूळधाण, राखरांगोळी, तीनतेरा… मी सांगत गेले आणि त्या लिहून घेत गेल्या.

आणि दुसऱ्याच दिवशी दादाने आपल्या केळीच्या बागेचा फोटो पाठवला.

आप्पा, तुम्ही मला म्हणाला होतात, "थोडंसं वारं होतं, चार झाडं वाकली." फोटोत सावद्याच्या रस्त्याकडची तीन एकर बाग आडवी आहे. एकरी सतराशे धरली तरी पाच हजार झाडं होतात. बाईंना तो फोटो दाखवला. त्यांना सांगावं लागलं, की केळीच्या खोडात लाकूड नसतं, नुसते पानांचे देठ एकमेकांत गुंडाळलेले असतात. घड जितका भरलेला तितकं ओझं जास्त, म्हणून वर्षभर सांभाळलेली, कापणीला आलेली बागच आधी पडते. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी याला तुझ्या त्या यादीतला कुठला शब्द वापरला? मला "थोडंसं वारं" इंग्रजीत सांगताच येईना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला राग आला असेल तर दादावर काढू नका, मीच त्याच्याकडे हट्ट धरला होता.

मी तरी काय वेगळं केलं? तीन आठवडे तुम्हाला "ऑफिसात काम कमी आहे" म्हणत राहिले. आखाजीच्या सणाला पाठवलेले पैसे पगाराचे नव्हते, शिलकीतले होते. ते परत करायचं मनातही आणू नका.

आता पैशांचं. मला दोन वर्षं पूर्ण झाली होती, म्हणून दर पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार मिळाला, शिवाय नोटिशीचे दोन आठवडे. जुलै आणि ऑगस्टचा कर्जाचा हप्ता बाजूला काढला आहे. आईची पाटली मोडायची नाही. पंचनामा झाला का, आणि विम्याला कळवलंत का, ते लिहा. व्हिसाचं म्हणाल तर कंपनीने सरकारला कळवलं आहे, सरकारचं पत्र आलं की तिथून 60 दिवस मिळतील. उद्या कुणी विमानात बसवत नाही. एका ठिकाणी दुसरी मुलाखत झाली, बरी झाली. बरी म्हणजे खरंच बरी, इथल्यासारखी नाही.

मला बघायला येणाऱ्या चोपड्याच्या पाहुण्यांना सगळं सांगा. मुलगी परदेशात मोठ्या कंपनीत आहे हे ऐकून ते येणार असतील तर येऊ नयेत. आई म्हणेल, आधी बैठक होऊ दे. नको. मुलाला फोनवर मी स्वतः सांगेन, पण तुम्ही आधी सांगितलंत तर मला बरं वाटेल.

आप्पा, पुढच्या रविवारी हवा विचारू नका. किती झाडं उभी आहेत तेवढं सांगा, मोजून.

तुमची,
सोनी

ता. क. आई, ज्वारीचे बिबडे वाळले असतील तर डब्यात भरून ठेव. मी कळवेपर्यंत पार्सल करू नकोस.