जमालपूरच्या रात्रीचा साक्षीदार

कोरेगाव

प्रिय आबा,
रामराम.

परवा फोनवर तू विचारलंस, "आता या वयात काय करायचंय त्या स्टारचं?" मी उत्तर देत होतो आणि तू आपला "मोठ्यानं बोल, मोठ्यानं बोल" करत होतास. तुझ्या कानाशी भांडण्यापेक्षा पत्र बरं. शिवाय मला तुझ्याकडून एक कागद हवा आहे, आणि कागद कागदावरच मागावा.

आधी तुझ्या प्रश्नाचं. 'पूर्वी स्टार', म्हणजे एकाहत्तरच्या बांगलादेश लढाईत पूर्वेकडं गेलेल्यांचं मेडल, मिळालं म्हणून पेन्शनीत दमडी वाढत नाही, हे मलाही ठाऊक आहे. भिंतीवर फ्रेम करून लावायचीही हौस नाही. तरी मागतोय.

२०२१ला लढाईला पन्नास वर्षं झाली. दिल्लीहून विजयाच्या मशाली निघाल्या, देशभर फिरल्या, जिकडंतिकडं एकाहत्तरच्या लोकांना शाल-श्रीफळ मिळालं. आमच्याकडच्या एका सत्काराची यादी करायला एक पोरगं बसलं होतं. त्यानं माझं डिस्चार्ज बुक उघडलं आणि मेडलच्या रकान्यावरून बोट फिरवलं. सैन्य सेवा, संग्राम, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस. बोट थांबलं. म्हणालं, "काका, तुम्ही त्या वेळी सर्व्हिसला होता, पण लढाईत नव्हता."

पोरगं उद्धट नव्हतं रे. त्याच्या हातातल्या कागदाप्रमाणं ते बरोबरच बोललं. संग्राम मेडल सरहद्दीकडच्या राज्यांत त्या काळात ड्युटी केलेल्या सगळ्यांना मिळालं, लढाई संपल्यावर पुढच्या डिसेंबरपर्यंत तिथं पोस्टिंगवर आलेल्यांनासुद्धा. पूर्वी स्टारचं तसं नाही. तो पूर्वेच्या लढाईच्या पट्ट्यात प्रत्यक्ष गेलेल्यांचा. म्हणजे माझं बुक सांगतंय की १९७१च्या डिसेंबरात मी कुठंतरी अलीकडं, मेघालयातल्या एखाद्या तंबूत बसून पट्ट्या गुंडाळत होतो.

लोकांना वाटतं मी शौर्यपदक मागतोय. गावातल्या एका शहाण्यानं तर विचारलं, "किती मारले होते?" आता त्याला काय सांगू, मी मारायला गेलोच नव्हतो. शौर्याचं खातं वेगळं. त्याला शिफारस लागते, राष्ट्रपतींची सही लागते, गॅझेटात नाव येतं. तुमच्या पलटणीचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, ब्रार साहेबांना वीरचक्र मिळालं ते तसं. स्टारला शौर्य लागतच नाही. माणूस तिथं होता की नव्हता, एवढंच बघतात. ती नुसती हजेरी आहे आबा, आणि मी हजर असताना गैरहजेरी लागली आहे. मेडल नाही मिळालं तर झोप लागते. गैरहजेरीनं लागत नाही.

आता हे झालं कसं, तेही ऐक. तुम्ही मराठा पलटणीचे लोक. तुमची अख्खी पलटणच पुढं गेली, त्यामुळं सगळ्यांच्या नावावर स्टार एकदम चढला. मी पडलो मेडिकलचा नर्सिंग असिस्टंट, तुमचा नावापुरता 'डॉक्टर'. माझं युनिट फील्ड अॅम्ब्युलन्स, म्हणजे जखमींना सांभाळणारं पथक, आणि मी तुमच्याकडं अटॅच. अटॅचमेंटवर माणूस गेला की त्याचा पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा छापील हुकूम, निघायला हवा, तो शीट रोलवर, म्हणजे सर्व्हिसच्या नोंदींच्या कागदावर, चढायला हवा, आणि त्यावरून पुढं मेडलचा हक्क निघतो. त्या धांदलीत कुणा क्लार्कानं तो छापला नाही. दुसऱ्या दिवशी कूच होतं, त्याला तरी काय म्हणणार! पण फौजेत जे पार्ट टूत नाही ते घडलंच नाही. आणि घरी जायच्या दिवशी डिस्चार्ज बुकातला मेडलचा रकाना वाचतो कोण? सगळ्यांचं ध्यान कम्युटेशनच्या, म्हणजे पेन्शनीपोटी मिळणाऱ्या एकरकमी पैशाच्या, आकड्यावर असतं.

माझी पहिली आशा जुन्या पत्रांवर होती. आईनं माझी सगळी इनलँड पत्रं लोखंडी ट्रंकेत जपून ठेवली होती. काढली, उन्हात पसरली. प्रत्येकावर पत्ता ९९ एपीओ, फौजेच्या पोस्टाचा नंबर. आता तूच सांग, ९९ एपीओ म्हणजे कुठं? सगळ्या पूर्वेकडच्या फौजेला तोच नंबर. आसामातल्या कँटीनमधून लिहिलं तरी तोच आणि ब्रह्मपुत्रेच्या पलीकडून लिहिलं तरी तोच. शत्रूला पत्ता कळू नये म्हणून केलेली युक्ती माझ्यावरच उलटली.

मग माहितीच्या अधिकाराखाली रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाकला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून शीट रोलची आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरींची साक्षांकित प्रत मागितली. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, ते मानलं पाहिजे. शीट रोलची झेरॉक्स आली. माझा नंबर, माझं नाव, भरतीच्या वेळच्या छातीचं माप, उजव्या भुवईवरचा व्रण, सगळं जागच्या जागी. एकाहत्तरच्या नोव्हेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मात्र कोरं. खाली एक ओळ: नोंद आढळत नाही, पुष्ट्यर्थ पुरावा असल्यास सादर करावा. मी ती ओळ वाईट धरली नाही. दार लावलेलं नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला.

आणि निदान माझा शीट रोल हयात तरी आहे. मी पेन्शनर, म्हणून. आमच्या वाडीतला एक जण पेन्शनीआधीच नाव कापून घरी आला होता. त्याच्यासारख्यांची कागदपत्रं पंचवीस वर्षं ठेवतात आणि मग नष्ट करतात. उरते ती लाँग रोलमधली, म्हणजे नावांच्या कायमच्या यादीतली, एक ओळ. त्यानं पासष्टच्या मेडलसाठी अर्ज केला तर दुरुस्त करायला कागदच शिल्लक नाही. नियम आहे, मोडला कुणी नाही. पण तो म्हातारा तो जबाब घेऊन माझ्या ओट्यावर बसला, तेव्हा काय बोलावं सुचेना.

पुतण्याचं म्हणणं वेगळंच. त्याचा मित्र दिल्ली कँटला असतो. तिथल्या गोपीनाथ बाजारात म्हणे हवं ते मेडल रिबनीसकट मिळतं; "आणून देतो, लावा आणि विषय संपवा." मिळतं खरं, आणि खरं मेडल हरवू नये म्हणून कित्येक जण तिथलीच नक्कल वर्दीवर लावतात. पण ज्याला हक्क लागला आहे त्यानं नक्कल लावणं निराळं. माझं संग्राम मेडल मी त्याच्या हातात दिलं आणि कडेवरून नख फिरवायला लावलं. नंबर, रँक, नाव, सगळं ठोकलेलं. नखाला लागतं. म्हटलं, बाजारातल्यावर हे असेल का? गप्प बसला.

आता तुझं काम. मला तुझं प्रतिज्ञापत्र हवं आहे. माझ्याबरोबर त्या रात्री असलेला, पूर्वी स्टार ज्याच्या बुकात नोंदलेला आहे असा हयात माणूस मला तू एकटाच ठाऊक आहेस. मला आठवतं ते खाली लिहितो, तू ताडून बघ. चुकत असेन तिथं माझं खोडून तुझं लिही. माझंच उतरवून काढू नकोस, दोघांची वाक्यं सारखी दिसली की साहेब लोकांना वास येतो.

मेघालयातल्या तुऱ्याच्या बाजूनं आपण आलो. पाकिस्तान्यांचं कमालपूरचं ठाणं ४ डिसेंबरला पडलं. त्यानंतर बक्षीगंजकडं आपल्या जनरल गिल साहेबांची जीप सुरुंगावर गेली, ही बातमी आमच्या मेडिकलवाल्यांत आधी पोचली. त्यांच्या जागी नागरा साहेब आले. मग ब्रह्मपुत्रा. होड्या गावकऱ्यांच्या, आणि सामानाला बैलगाड्या. माझ्या खांद्यावर मेडिकल हॅवरसॅक आणि एका हातात स्ट्रेचरचं टोक, दुसरं टोक तुझ्या कंपनीतल्या त्या उंच लान्स नाईकाकडं. जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून तुम्ही खंदक खणले. ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि पाकिस्तानी बलुच पलटणीच्या कर्नलनं उत्तराबरोबर बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हे खंदकाखंदकांतून फिरत आलं तेव्हा तू म्हणालास, "आज जेवून घ्या रे, रात्री पाव्हणे येणार." आले. १०-११च्या रात्री ते फळी फोडून बाहेर पडायला निघाले आणि थेट तुमच्या तोंडावर आले.

आरएपी, म्हणजे पलटणीची पुढची मलमपट्टीची जागा, एका बांधाच्या आडोशाला होती. उजेड करायला बंदी, म्हणून ग्राउंडशीट डोक्यावर घेऊन टॉर्च दातात धरायची. तुला आणलं तेव्हा तू शिव्या घालत होतास, म्हणजे जीवाला धोका नाही एवढं मला न बघताच कळलं. डावी मांडी, गुडघ्याच्या वितभर वर. पँट कात्रीनं फाडली. तीन जखमा होत्या. दोन वरवरच्या, त्यांतले स्प्लिंटर चिमट्यानं निघाले, तिसरा आत गेला होता. शेल ड्रेसिंग बांधलं. डॉक्टर साहेबांनी मागं न्यायचं सांगितलं तर तू स्ट्रेचरवरून उठून बसलास. "गाडीत बसलो तर ढाक्याच्याच." पहाटे जमालपूर पडलं, आणि तू काठी घेऊन टांगाईलच्या वाटेला लागलास. पुढं पोंगलीच्या पुलापाशी टू पॅराचे, म्हणजे छत्रीनं उतरलेल्या पलटणीचे, लोक भेटले. मूळची ती आपलीच तिसरी मराठा, म्हणून तू लंगडत त्यांच्यात गाववाला शोधत हिंडत होतास, आणि मी तुझ्या मागं, पट्टी बदलायला.

हेच लिहायचं. तारीख, जागा, मी तुझ्या जखमेवर काय केलं. "शूर", "धाडसी" असले शब्द घालू नकोस. नोटरी वकील घालतील हौसेनं, काढून टाक म्हणावं.

आणि आता तुला आवडणार नाही ते. तू जसा माझा साक्षीदार, तसा मी तुझा. पराक्रम पदक म्हणून जखमींचं मेडल १९७३ साली काढलं, पण ते १५ ऑगस्ट १९४७पासूनच्या जखमांना लागू आहे. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेला माणूस, बस्स. तुझ्या बुकात ते नाही, कारण तू मागं गेलाच नाहीस, हॉस्पिटलात नाव लागलं नाही. तुला विचारलं की म्हणतोस, "पाय शाबूत आहे, मेडल कशाला." पण दोन वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी एमआरआय करायला गेलास तर मशीनवाल्यानं मांडीत धातू आहे म्हणून परत पाठवलं, हे तूच मला हसत हसत सांगितलंस. तिसरा स्प्लिंटर तो! रेकॉर्डवाले माझ्याकडं पुरावा मागतात, आणि तू पुरावा मांडीत घालून गावभर फिरतोयस. जखमेचा दाखला मी लिहून ठेवला आहे, माझ्या नंबर-रँकसकट. वापरायचा की नाही ते तू ठरव. तुमच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचा स्मृतिस्तंभ आहे; त्या गावच्या माणसाला नोंद कशाला ठेवायची हे मी शिकवायला नको.

वॉर डायरीचाही, म्हणजे पलटणीच्या लढाईतल्या रोजनिशीचाही, नाद मी लावून घेतला आहे. २०२१च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरण काढलं की पंचवीस वर्षांपुढचे लढाईचे दप्तर साधारणपणे खुले करायचे. अर्ज देणार आहे. त्यात नर्सिंग असिस्टंटचं नाव असेल असं मी धरून चाललेलो नाही, पण आरएपी कुठं होती, किती जखमी झाले, एवढं निघालं तरी तुझ्या-माझ्या जबानीला टेकू मिळेल. हे सगळं जोडून रेकॉर्डला रीतसर अर्ज. तिथूनही नकार आला तर मुंबईला सैन्यदल न्यायाधिकरणाचं खंडपीठ आहे, पण वकिलाची पायरी मला एवढ्यात चढायची नाही. मुलगी म्हणते चढा, खर्च मी करते. बघू.

नोटरीकडं जाताना डिस्चार्ज बुक अस्सल ने, झेरॉक्सवर भागवू नकोस. पूर्वी स्टारची नोंद असलेल्या पानाची आणि पहिल्या पानाची प्रत जोड. आधारवर तुझं नाव निराळं छापलंय आणि बुकात निराळं. ते दोन्ही एकाच माणसाचे, असं एक वाक्य त्यातच घालून घे, नाहीतर तेवढ्यावरून परत येईल. नातवाला बरोबर ने, म्हणजे वकील काय म्हणतो ते तुला ऐकू येईल. कागद स्पीड पोस्टानं पाठव, किंवा नागठाण्याहून एसटी पकडून स्वतःच ये. आंब्याच्या लोणच्याची बरणी तुझ्यासाठी बाजूला काढली आहे.

वहिनींना नमस्कार सांग. मांडीचा एक्स-रे असेल तर तो रद्दीत घालू नका म्हणावं.

तुझा,
डॉक्टर