तात्या, तुमच्या लांब पावलांसाठी

आदरणीय तात्या,
सा. न. वि. वि.

समोर बसून हे बोलायला गेले तर ‘असू दे गो, चहा घे’ म्हणून तुम्ही विषय बदलाल. म्हणून लिहिते, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहिते.

वडिलांच्या पश्चात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं भाट, म्हणजे झाडांची बागायत, माझ्या नावावर आलं, तेव्हा जो तो एकच सांगत होता, विकून टाक. दलाल दारात बसलेलेच. राखायचं म्हटलं तर विचारायचं कुणाला? एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. व्यासपीठावर पश्चिम घाटासाठी गहिवरणारे एक गृहस्थ भाटात येऊन फोटो काढून गेले, पुढे फोन उचलेनात. आणि शेजाऱ्यांची भीती वेगळीच: रान दाट दिसलं की खाजगी वनाचा शिक्का बसणार, आणि आपल्याच जमिनीवर सरकारी बंधनं येणार. सलग ५ हेक्टर, ४० टक्के छत्र, ७५ टक्के जंगली झाडं, हे निकष आपल्याकडे जमीनवाल्यांना तोंडपाठ. त्या धास्तीने किती नाणे नि किंदळ आधीच आडवे झाले, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. ज्याने झाडं जपली त्यालाच घोर लागावा, याची मला अजून चीड येते.

शेजाऱ्यांच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. २००२ च्या दुरुस्तीपासून वन्यजीव कायद्यात खाजगी जमिनीवरही मालक आपणहून राखीव क्षेत्र करू शकतात, मालकी त्यांचीच राहते. मात्र एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर मनाला येईल तसा बदलता येत नाही. तेही लपवलं नाही. तिथेच सगळे अडले. कुणी हो म्हणेना, कुणी उठेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खांद्यावर सुंभाचं वेटोळं घेऊन व्हाळावर आलात. त्या व्हाळावरून आपल्या दोन घरांत आजोबांपासूनची धुसफूस. तुम्ही हद्दीचं नावही काढलं नाहीत. दोरीचं टोक तुमच्याच धरत्या पोफळीला बांधलंत आणि म्हणालात, ‘दहा पावलं माझी, दहा तुझी. ह्यात कोयता घालायचा नाही.’ मग मोजायला लागलात. तुमच्या कुळागरात पावलं टाकलीत ती लांब लांब, धोतर सावरत, पोफळींची एक अख्खी ओळ आत घेत. माझ्या बाजूला आलात आणि पावलं आखूड झाली. मी बघत होते, तात्या. तुम्हाला वाटलं असेल माझ्या लक्षात आलं नाही.

त्या पावलांनी जे केलं ते माझ्या कागदांना जमलं नव्हतं. आठवड्याभरात खालच्या अंगाच्या शेजाऱ्याने आपला काठ सोडला, मग त्याच्या चुलतभावाने. आपला व्हाळ पुढे म्हादईला मिळतो. वरच्याने काठ बोडका केला तर खालच्याने कितीही जपून काय उपयोग? माडगरुडाचंही, म्हणजे धनेश पक्ष्याचंही, तसंच. तुमच्या घोटिंगाच्या ढोलीत मादी स्वतःला लिंपून घेते, आणि नर महिनोन्‌महिने त्या चिरेतून तिला फळं भरवतो. ती फळं माझ्या वडाची, पलीकडच्याच्या उंबराची. एकट्याच्या भाटावर तिची पिल्लं जगायची नाहीत.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यातले डोंगर जळत होते, तेव्हा प्रत्येक जण आपापल्या काजूंखालचा पाला ओढत बसला होता. आज एका हाकेसरशी पाच घरची माणसं कोयते-खराटे घेऊन येतात. मोठेपण मिरवणारे पुष्कळ भेटले मला. स्वतःच्या ताटातलं आधी काढून देणारा माणूस क्वचितच भेटतो, आणि अशा माणसांच्या जोरावरच गाव टिकतं असं मला मनापासून वाटतं.

आता एक काम आहे. वणवा अडावा म्हणून शिगम्याआधी वरच्या अंगाचा पट्टा झाडून मोकळा करायचाय, आणि डोंगराकडचे दोघे अजून तयार नाहीत. त्यांच्याकडे तुम्ही माझ्याबरोबर चला. माझं ते ऐकून घेतील, पण मानतील तुमचंच.

तुमची,
व्हाळापलीकडची शेजारीण