इंजिन धुवायला पाइप कशाला, पिंप बस झालं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांत मालवण तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं होतं, की मे महिन्यात माणसांना प्यायला पाणी नाही आणि हे बोटवाले रोज संध्याकाळी अंगणात पाइप सोडून इंजिनं धुवत बसतात, यांना दंड लावा. मी त्या बोटवाल्यांपैकीच एक. देवबागला राहतो, एक फायबरची होडी आहे, सीझनमध्ये पर्यटकांना नदी समुद्राला मिळते त्या संगमावर फिरवतो आणि बाकी मासेमारी. पत्र वाचून आधी राग आला मग दोन दिवसांनी वाटलं की माणूस अर्धा बरोबर बोललाय, म्हणून हे लिहितोय.

आधी जे चुकलंय ते. इंजिन धुतो म्हणजे आम्ही गाडीसारखं वरून पाणी मारून चकाचक करत नाही. आउटबोर्ड इंजिनाला, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावतात त्या इंजिनाला, गाडीसारखा रेडिएटर नसतो, ते समुद्राचंच पाणी खालून ओढतं, सिलिंडरच्या भोवतीने फिरवतं आणि गरम करून बाहेर टाकतं. मागच्या बाजूने एक बारीक धार सतत पडत असते ती तुम्ही बघितली असेल, पोरं हसून म्हणतात इंजिन मुततंय. ती धार म्हणजे आमची नाडी, होडी हाकताना एक डोळा पुढे आणि एक धारेवर. आता समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. इंजिन बंद केलं की आतल्या वाटांमध्ये थोडं पाणी राहतं, गरम इंजिनात ते सुकतं आणि मीठ तिथेच बसतं. दुसऱ्या दिवशी परत थर, तिसऱ्या दिवशी परत. त्या वाटा कुठेकुठे पेन्सिल जाणार नाही एवढ्या अरुंद असतात, त्यात देवबागची बारीक वाळू पण जाते, आणि ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्यामुळे मीठ त्याला आतून खात राहतं. एक दिवस धार बारीक होते, मग थांबते, मग इंजिन तापतं आणि पिस्टन जाम. इंजिनाची किंमत लाखात, आणि आमच्यापैकी बहुतेकांचं कर्ज अजून फिटायचंय.

म्हणून गोडं पाणी फिरवणं हा काही शौक नाही. माझे काका आम्ही किनाऱ्याला लागलो की पहिलं हेच ओरडायचे, "आदी मशीनीक गोडा पाणी दी, मगे तू चाय पी." तेव्हा वैताग यायचा.

आता जे बरोबर आहे ते. मी परवा बादली लावून मोजलं. आमच्या विहिरीवरच्या पंपाला जोडलेल्या पाइपने वीस लिटरची बादली मिनिट-सव्वा मिनिटात भरते. म्हणजे दहा मिनिटं पाइप चालू ठेवला की १६० ते २०० लिटर पाणी गेलं. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे, म्हणजे एक इंजिन धुताना तीन-साडेतीन माणसांचं दिवसाचं पाणी आम्ही वाळूत सोडतो, आणि एका वाडीत अशा पंधरा-वीस होड्या असल्या तर तुम्हीच गुणाकार करा. त्यात देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी. एप्रिल उजाडला की कित्येक विहिरी मचूळ होतात, आणि आपण वरचं गोडं पाणी जेवढं उपसू तेवढं खालचं खारं वर येतं. म्हणजे पाइप सोडणारा शेजाऱ्याची विहीरच खारी करतोय, हे मला पत्र वाचेपर्यंत सुचलं नव्हतं हे कबूल करतो.

पण यावर उपाय दंड नाही, उपाय आहे पिंप. निळं प्लॅस्टिकचं दोनशे लिटरचं पिंप सगळ्यांकडे असतं, त्याचं तोंड कापून मोठं करायचं, इंजिन स्टँडवर लावायचं आणि खालचा भाग पिंपात सोडायचा. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर जी आडवी प्लेट असते ती पूर्ण बुडाली पाहिजे, पाणी ओढायची जाळी तिच्या खालीच असते. पंखा आधी काढून ठेवायचा म्हणजे पाणी उडत नाही आणि कोणाचा हात-पाय पण जात नाही. मग न्यूट्रलमध्ये स्टार्ट करून स्लोवरच ठेवायचं, अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा नाही. मोठं इंजिन असेल तर नुसता खालचा भाग (गेअरकेस) बुडवून धूर आणि बुडबुडेच आत ओढले जातात, त्यामुळे धारेकडे लक्ष ठेवायचं, अडखळायला लागली की बंद. आठ-दहा मिनिटं द्यायची, कारण इंजिन नीट गरम झाल्यावरच थर्मोस्टॅट नावाची आतली झडप उघडते आणि तेव्हाच गोडं पाणी सगळ्या वाटांनी फिरतं. दोन मिनिटं घुरघुर करून बंद केलं तर फक्त मनाचं समाधान.

आणि हिशोब बघा. समजा इंजिनात एक लिटर खारं पाणी राहिलं होतं, म्हणजे ३५ ग्रॅम मीठ. ते दीडशे लिटरच्या पिंपात मिसळलं तर लिटरला पाव ग्रॅमसुद्धा नाही. त्याच पिंपात लागोपाठ चार इंजिनं धुतली तरी लिटरला एक ग्रॅमच्या आत, समुद्राच्या पस्तीसच्या मानाने काहीच नाही. म्हणजे जिथे चार घरांत मिळून सहाशे-आठशे लिटर जात होतं तिथे एक पिंप. आमच्या वाडीत आम्ही चौघांनी या पंधरवड्यात हेच चालू केलंय. भांडण फक्त एकच होतं, पहिला नंबर कोणाचा. टू-स्ट्रोकवाल्याला आम्ही शेवटचा ठेवतो, त्याच्या धुरातलं ऑइल पाण्यावर तवंग धरतं. ते पाणी माडाच्या मुळात किंवा विहिरीजवळ ओतू नका एवढं मात्र सांगतो, वरचा तवंग चिंध्यांनी टिपून घ्यायचा आणि मग लांब नेऊन ओतायचं.

ज्यांना पाइपच लावायचा आहे त्यांच्यासाठी पण दोन गोष्टी लिहितो, कारण गेल्या चार-पाच वर्षांत किनाऱ्यावर नवीन होड्या खूप आल्या आणि पोरं व्हिडिओ बघून शिकतात. पाइप लावायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचे नियम बरोब्बर उलटे आहेत, घोळ तिथेच होतो. एक म्हणजे ते रबरी कप, हेडफोनसारखे दिसतात, जाळीच्या दोन्ही बाजूंना दाबून बसवायचे आणि पाइप जोडायचा. यात इंजिन चालू ठेवावं लागतं कारण पाणी वर चढवायचं काम इंजिनाचा पंपच करतो. पण आधी पाणी सोडायचं, मग इंजिन. बंद करताना आधी इंजिन, मग पाणी. दुसरी पद्धत म्हणजे इंजिनालाच बाजूला एक छोटी नळी दिलेली असते, तिचं टोक पिळून सोडवायचं आणि बागेचा पाइप तिथे जोडायचा. पाणी थेट वरच्या भागात जातं. यामाहाच्या फोर-स्ट्रोकच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असतं की यावेळी इंजिन चालू करू नका, कारण पाणी वरून येतंय, खालचा पंप कोरडाच राहतो. बाकी कंपन्यांचे नियम मॉडेलप्रमाणे वेगळे असतात, ते आपापल्या पुस्तकात बघावं, शेजाऱ्याचं ऐकू नये.

पंप कोरडा राहिला तर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. आत इम्पेलर म्हणून एक रबराचं चक्र असतं, पाच-सहा पाकळ्यांच्या फुलासारखं, आणि त्याला वंगण म्हणजे फक्त पाणी. माझ्या पहिल्या सीझनला घरी आणलेलं इंजिन चालू होतंय का बघायला म्हणून मी पाण्याशिवाय स्टार्ट केलं, मिनिट-दीड मिनिटच, मस्त आवाज आला, खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा पर्यटक घेऊन संगमाकडे निघालो, अर्ध्या वाटेत मागे बघतो तर धारच नाही. बंद केलं. ओहोटी लागलेली, पाणी नदीच्या तोंडाकडे ओढतंय, होडीत एक आजी देवाचं नाव घेतायत आणि त्यांचा नातू विचारतोय डॉल्फिन कधी दिसणार. शेवटी दुसऱ्या होडीवाल्याने दोर टाकून ओढून आणलं, पैसे परत केले ते वेगळंच. मिस्त्रीने खोललं तर पाकळ्या जळून तुटलेल्या, आणि तुकडे वर पाण्याच्या वाटेत जाऊन अडकलेले, ते काढायला इंजिन दोन दिवस उघडं. इम्पेलर स्वस्तात आला, तुकडे शोधायची मजुरी महागात गेली.

अजून एक, नळीवाल्या पद्धतीत काम झाल्यावर ती नळी परत जागेवर घट्ट पिळायला विसरतात. मग समुद्रात गेल्यावर थंड करायचं पाणी तिथूनच बाहेर पडत राहतं आणि इंजिन तापतं, आणि माणूस शोधत बसतो की काल तर धुतलं होतं मग आज काय झालं. धारेचं भोक बुजलं असेल तर तार घालू नका, जाडसर तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) घालून हलकेच फिरवा, वाळू निघून येते. धुवून झाल्यावर इंजिन सरळ उभं ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळून जातं. आणि बंद पडवीत कधीच चालू करू नका, धुराने माणूस मरतो.

टाकीच्या पाण्यावर करणाऱ्यांना एक, घरावरच्या टाकीला प्रेशर नसतं. कपातून पाणी नुसतं गळत राहतं, वर काही चढत नाही आणि आपल्याला वाटतं पाणी चालू आहे. अशांनी सरळ पिंपच वापरावं.

मचूळ पाणी चालतं का असं बरेच जण विचारतात. माझं मत, नसण्यापेक्षा मचूळ बरं. मे महिन्यातलं विहिरीचं पाणी जिभेला खारट लागलं तरी ते समुद्रापेक्षा कितीतरी कमी खारं असतं. आधी मचूळ पाण्यात फिरवायचं आणि शेवटी एक-दोन मिनिटं चांगल्या पाण्यात. पण सीझन संपताना, म्हणजे आता होड्या वर काढून चार महिने माडाच्या झापाखाली ठेवायच्या आधी, शेवटचं धुणं मात्र खरोखरच्या गोड्या पाण्याने करा, कारण तेव्हा राहिलेलं मीठ सप्टेंबरपर्यंत निवांत काम करत बसतं. काही जण म्हणतात पावसात नदीला पूर आला की तिथेच फिरवून आणू, फुकटात धुऊन होईल. नका करू, त्या लाल पाण्यात गाळ असतो. माझा मेव्हणा सांगलीला असतो, २०१९ च्या पुरानंतर त्याने मला विचारलं होतं की आमच्या कृष्णेचं पाणी गोडं मग रेस्क्यू बोटीचं इंजिन धुवायचं कशाला. त्याला तेच सांगितलं, मीठ नसलं तरी चिखल वाळला की सिमेंट होतो.

आता तक्रार, एकच. जेट्टीवर उतरणाऱ्या प्रत्येक पर्यटकामागे कुठे ना कुठे पैसे घेतले जातात, पार्किंगला पैसे, प्रवेशाला पैसे, आणि त्या जेट्टीवर गोड्या पाण्याचा एक नळ नाही. तिथे मीटर लावलेला एक नळ आणि सिमेंटची एक टाकी बांधली, इंजिनाचा खालचा भाग बुडेल एवढी, तर आम्ही पिंपामागे पैसे द्यायला तयार आहोत. पाणी मोजून जाईल, तेलाचा तवंग एका जागी राहील, विहिरी वाचतील. आणि इंजिन गरम असतानाच, किनाऱ्याला लागल्या लागल्या धुतलं जाईल जे घरी नेऊन, काढून, स्टँडवर लावून तासाभराने धुण्यापेक्षा चांगलं. ज्यांच्याकडे ही जबाबदारी आहे त्यांना आम्ही दोनदा अर्ज दिलाय, दोन्हीवर आवक शिक्का आहे.

पहिलं पत्र लिहिणाऱ्या वाचकाला माझं आमंत्रण आहे, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या वाडीत या, पिंप बघा, चहा घ्या. पाणी जास्त वाटलं तर तिथेच सांगा.

संपादकसाहेब, पत्र लांबलंय हे मला कळतंय. कापायचं असेल तर जेट्टीची तक्रार कापा, काकांचं वाक्य कापा, पण कप लावताना आधी पाणी मग इंजिन आणि नळी लावताना इंजिन बंद, हे तेवढं राहू द्या.

– एक होडीवाला, देवबाग (ता. मालवण)