लाइट गेल्याची नोंद कुठे आहे?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मनोरंजन उद्यानात वीज जाणे आणि त्यानंतर पाहुण्यांचे काय होते याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मी वीजखात्यातला निवृत्त यंत्रचालक. ३३/११ केव्हीच्या, म्हणजे मोठ्या दाबाची वीज उतरवून गावांना देणाऱ्या, उपकेंद्रात पाळ्या करण्यात नोकरी गेली. उपकेंद्रातल्या फोनवर "लाइट कधी येणार?" हा प्रश्न किती वेळा ऐकला याची गणती नाही. लग्नघरातून, पिठाच्या गिरणीतून, दवाखान्यातून, भारत-पाकिस्तान सामन्याच्या रात्री तर अख्ख्या गावातून. शिव्याही पुष्कळ खाल्ल्या. त्यामुळे लाइट गेली म्हणून मी कोणाला पत्र लिहीन, असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. आणि खरं म्हणजे हे पत्र लाइट गेली म्हणून नाहीच. लाइट जाते. पुढे काय झालं त्यासाठी लिहितो आहे.

मे महिन्यातला रविवार. मुलगी, जावई, दोन नातवंडं आणि मी, असे पाच जण आमच्या गावापासून दीड तासावरच्या एका उद्यानात गेलो. उद्यानाचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की गोष्ट त्या एका मालकाची होते, आणि तुमच्या विभागाला हात झटकायला सोपं जातं. माणशी तेराशे रुपये, म्हणजे साडेसहा हजार गेटवरच गेले. पाण्याची बाटली आणि डबा गेटवर ठेवून घेतला तो भाग वेगळा.

दुपारी सव्वा वाजता वीज गेली. आधी गाणी थांबली. दिवसभर ज्या कर्ण्यांनी डोकं उठवलं होतं ते गप्प झाले, आणि मग उंचावरच्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. रोलर कोस्टरची गाडी चढावर अर्ध्यात थांबली होती. सोळा माणसं, तोंडं आभाळाकडे, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. खाली एक बाई हात जोडून उभी होती, तिचा मुलगा त्यात होता. मी तिला म्हणालो, "ताई, गाडी मागे येणार नाही. घाबरू नका." तिने माझ्याकडे असं पाहिलं की हा म्हातारा कोण!

पण मला ते ठाऊक होतं. गाडी चढताना जो खट्-खट् आवाज येतो तो उगीच नसतो. गाडीखालचा खटका एकेका दात्यात अडकत वर जातो, म्हणजे साखळी थांबली तरी गाडी मागे घसरत नाही. या यंत्रांचे ब्रेकही बहुधा असे असतात की ते उघडे ठेवायला हवेचा दाब लागतो. दाब गेला की आपोआप लागतात. उंचावरून धाडकन खाली सोडणाऱ्या मनोऱ्यांना बऱ्याच ठिकाणी चुंबकाचे ब्रेक असतात, त्यांना वीज लागतच नाही. मांडीवरचा दांडा वीज गेल्यावर सुटत नाही, तसाच बंद राहतो. वर बसलेल्याला वाटतं अडकलो, पण तो दांडा सुटला असता तर काय झालं असतं याचा विचार करा. थोडक्यात, यंत्र करणाऱ्याने लाइट जाणार हे गृहीत धरलेलं असतं.

उद्यान चालवणाऱ्याने मात्र धरलेलं नव्हतं.

दोन मिनिटांत जनरेटरचा आवाज आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण तो जनरेटर खाण्याच्या दालनासाठी आणि तिकीट खिडकीसाठी होता. पावभाजीच्या काउंटरवरचं बिलाचं मशीन चालू, पाळणे बंद. सगळी खेळणी जनरेटरवर चालवा असं मी म्हणणार नाही. तेवढ्या लोडचा खर्च मला कळतो. पण दोन-तीन भोंगे चालतील एवढी वीज तिथे नक्की होती, आणि एक माणूस माइकवर येऊन "वीज गेली आहे, कोणाला धोका नाही, इतका वेळ लागेल" एवढं बोलू शकला असता. कोणी आलं नाही. कोस्टरवरची माणसं चाळीस मिनिटांनी रुळाशेजारच्या पायऱ्यांवरून, एकेका रांगेचा दांडा हाताने सोडवत उतरवली. ते काम करणारी पोरं विशी-बाविशीची होती आणि त्यांनी ते नीट केलं, हेही लिहायला हवं.

पाण्याकडची तऱ्हा निराळी. पंप थांबले, लाटा थांबल्या. जीवरक्षकांनी शिट्ट्या मारून सगळ्यांना बाहेर काढलं, ते बरोबरच होतं. गाळण बंद असलेल्या पाण्यात हजार माणसं ठेवायची नसतात. पण बाहेर फरशी तव्यासारखी तापलेली, आणि चपला लॉकरमध्ये. लॉकर इलेक्ट्रॉनिक, मनगटावरचा पट्टा टेकवला की उघडणारे. ते उघडेनात. आत चपला, कपडे, फोन, पैसे आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. म्हणजे जनरेटरवर चालणाऱ्या दुकानात पाणी विकत मिळत होतं, पण विकत घ्यायचे पैसे जनरेटरवर नसलेल्या लॉकरमध्ये होते. मास्टर किल्ली घेऊन माणूस यायला सव्वा तास लागला. पोरांनी तोवर टॉवेलवर पाय ठेवून उड्या मारल्या, हाच त्यांचा दुपारचा खेळ.

नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या ऑफिसला फोन करा ना." लॉकर उघडल्यावर खरंच केला. त्या भागातल्या उपकेंद्रावर माझ्या हाताखाली शिकलेला एक जण आहे. त्याने लॉगबुक पाहून सांगितलं : फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी लाइन, एक वाजून सोळा मिनिटांनी ट्रिप झाला (आपोआप बंद पडला), ट्रायल घेतली (चालू करून पाहिला), एक बेचाळीसला चालू. म्हणजे बाहेरची वीज सव्वीस मिनिटं गेली होती. मी फोन केला तेव्हा तीन वाजायला आले होते आणि तिथला प्रत्येक कर्मचारी "लाइन वीज कंपनीकडूनच बंद आहे" असं सांगत होता. बिघाड उद्यानाच्या स्वतःच्या पॅनेलमध्ये, म्हणजे आत वीज वाटणाऱ्या पेटीत होता. साडेतीनला तो निघाला, मग एकेक खेळणं चालू होत गेलं. आधी रिकाम्या फेऱ्या मारून बघतात, त्याबद्दल तक्रार नाही, आम्हीही फीडरवर एकदम लोड टाकत नसू. शेवटचा पाळणा पाचला फिरला. उद्यान सहाला बंद.

यातली सर्वात बोचलेली गोष्ट सांगतो. पावणेतीनच्या सुमाराला मला एक कुटुंब भेटलं, सोलापूरकडचं, नुकतंच तिकीट काढून आत आलेलं. आत सगळं बंद आहे हे त्यांना खिडकीवर कोणी सांगितलं नव्हतं. तिकीट खिडकी जनरेटरवर होती ना! २७ डिसेंबर २०१७ रोजी, ऐन नाताळच्या गर्दीत, कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची एका भागातली वीज ट्रान्सफॉर्मरच्या बिघाडाने गेली. तेव्हा तिथे अडकलेल्यांना खेळण्यांवरून उतरवत असतानाच नव्या माणसांना आत घेणंही काही काळ थांबवलं होतं. त्याला ना मोठं तंत्रज्ञान लागतं ना पैसा. खिडकीवर पाटी लावायची असते.

उदाहरणं परदेशातली द्यायची मला हौस नाही, पण एक आठवतं. ११ मार्च २०११ च्या भूकंपाच्या दिवशी टोकियोच्या दोन डिस्ने उद्यानांत मिळून सुमारे सत्तर हजार माणसं होती. रेल्वे बंद पडल्यामुळे सुमारे वीस हजार तिथेच रात्रभर राहिली. कर्मचाऱ्यांनी, त्यातले बरेच रोजंदारीवरचे, दुकानातली मऊ खेळणी लोकांना डोक्यावर धरायला दिली. विक्रीची बिस्किटं वाटली, थंडीसाठी पुठ्ठे आणि प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या. कोणाची परवानगी विचारत बसले नाहीत, कारण असं करायचं हे त्यांना आधीच शिकवून ठेवलेलं होतं. आमच्या उद्यानातल्या पोरांना खेळणं चालवायला शिकवलंय. खेळणं बंद पडल्यावर माणसांशी काय बोलायचं ते शिकवलेलं नाही.

आता तक्रारीकडे. "गेस्ट रिलेशन्स" अशी पाटी असलेल्या खिडकीपुढे दीड-दोनशे माणसं, आत एकटी मुलगी. तक्रारवही मागितली तर तिने भिंतीवरचा क्यूआर कोड दाखवला. फोन लॉकरमध्ये असलेल्यांनी तो कपाळाला लावायचा का? एक गृहस्थ तिच्यावर वाटेल ते ओरडत होते. मी त्यांना बाजूला घेतलं, कारण त्या खुर्चीत मी बसलेलो आहे. फोन उचलणाऱ्याच्या हातात स्विच नसतो. पण नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो : "येईल, येईल" म्हटलं की माणूस दर पाच मिनिटांनी फोन करतो, आणि "जंपर (जोडतार) तुटलाय, दोन तास लागतील" म्हटलं की एकदा शिवी देतो आणि कंदील शोधायला जातो. त्या मुलीला खरं सांगायची मुभाच नव्हती. तिच्याकडे होती ती कुपनं. पुढच्या भेटीवर वीस टक्के सवलत, सोमवार ते गुरुवार, तीस दिवसांत. शाळेच्या सुट्टीत नोकरदार माणूस सोमवार ते गुरुवार कुठे असतो?

पैसे परत मागितले तेव्हा तिने तिकिटाची मागची बाजू दाखवली. वीजपुरवठा खंडित झाल्यास परतावा नाही, व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम.

महोदय, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेचे पैसे परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. पावतीवर मुदत नसेल तर तीस दिवसांत परत करायचे. एकतर्फी, अन्यायकारक करार काय असतो याचीही व्याख्या त्यात आहे. वाचून मला आनंद झाला, पुढे वाचल्यावर तो ओसरला. जिल्हा ग्राहक आयोगात मी सेवेतल्या त्रुटीची तक्रार करू शकतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण तिकिटाच्या मागची ती ओळच अन्यायकारक करार आहे असं म्हणायचं असेल, तर तो विषय जिल्हा आयोगाचा नाही, राज्य आयोगाचा आहे. तेराशे रुपयांच्या तिकिटासाठी राज्य आयोग! उद्यानवाल्यांना हे गणित आपल्यापेक्षा आधी कळलेलं असणार.

उलट बाजूने पाहू. अशा ठिकाणांचे परवाने महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालच्या नियमांनी दिले जातात. शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी. विजेची जोडणी विद्युत निरीक्षक पाहतो, आगीचं अग्निशमन पाहतं. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी १४ जुलै २०१९ रोजी पाळणा तुटून दोघं गेले. राजकोटच्या गेमझोनला २५ मे २०२४ रोजी आग लागली, २७ जण गेले, आणि तिथे अग्निशमनाचं ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हतं असं नंतर निघालं. जीव जातात तेव्हा सगळ्यांच्या फायली उघडतात. माझ्या तक्रारीत कोणी मेलेलं नाही, त्यामुळे ती कोणाच्याच टेबलाची नाही. पण लोकांना सांगणं, उतरवणं, पाणी देणं ही शिस्त एकच असते, वीज जावो की आग लागो. मुंबईत १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात मोनोरेल बंद पडली. पाचशेहून अधिक माणसं मिटलेल्या डब्यात एसीविना अडकली, अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवली. तो डबा सरकारी होता म्हणून निदान विधानं तरी आली, चौकशी तरी लागली.

ग्राहक कायद्याच्या कलम १६ मध्ये जिल्हाधिकाऱ्याला अनेक ग्राहकांच्या हक्कांवर एकत्रित गदा आली तर चौकशीचा अधिकार आहे. म्हणजे ग्रामीण भागात परवाना आणि चौकशी एकाच दालनात येतात. हे दोन कागद एकमेकांना भेटवायचं काम तुमचा विभाग गृह विभागाशी बोलून करू शकतो. नवा कायदा नको.

मागणी अवघड नाही. आमच्या उपकेंद्रात प्रत्येक ट्रिपची मिनिटासह नोंद व्हायची. कोणता फीडर, केव्हा गेला, कशाने गेला, केव्हा आला, खाली सही. ती नोंद होती म्हणूनच मला त्या दिवशी एका फोनवर खरं कळलं. तशीच बंद-नोंदवही प्रत्येक उद्यानाने ठेवावी, ही परवान्याची अट करा. खेळणं कधी थांबलं, माणसं कधी उतरली, पुन्हा कधी चालू झालं, दोष बाहेरचा की आतला. ती गेटवर, तिकीट काढणाऱ्याला दिसेल अशी लावा. परताव्याचं प्रमाण त्या नोंदीवरून ठरवा : इतके तास बंद तर इतका भाग परत, ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात, न मागता. बाहेरची वीज गेली तर मालकाला थोडी सूट द्या, माझी हरकत नाही. आतलं पॅनेल जळलं तर ते आभाळातून पडलेलं संकट नव्हे. मोठं बंद असताना तिकीटविक्री थांबवा. लॉकरला किल्ली हवी, हे लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो.

सरकारने २०१८ साली या उद्यानांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. तेव्हा मालकांचं म्हणणं ऐकलं गेलं, ते रास्तही असेल. आता खिडकीच्या या बाजूचंही ऐकावं.

उद्यानाला मी दोन मेल पाठवले. दोन्हींना एकच उत्तर आलं, शब्दन् शब्द तेच, "आपल्या अनुभवाबद्दल आम्ही दिलगीर आहोत". फीडर एक बेचाळीसला चालू झाला होता या मुद्द्यावर एक अक्षर नाही.

सोबत पाचही तिकिटांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. मागची बाजूही काढली, पण त्या ओळीचं अक्षर इतकं बारीक आहे की झेरॉक्समध्ये उमटलं नाही.

आपला,
एक निवृत्त यंत्रचालक