दतियाच्या काकांना मी नाही म्हटलं, बाबा

ग्वाल्हेर
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा आईच्या बीपीवर बोलून फोन ठेवला. पुण्याला दादाकडे फोन नेहमी स्पीकरवर असतो, वहिनी, मुलं, सगळे ऐकत असतात. ही गोष्ट आधी तुम्हा दोघांनाच कळावी असं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

बाबा, दतियाच्या काकांची जुनी गाडी मी घेतली नाही. ग्वाल्हेरच्या मेळ्यातून नवी घेतली. बोलेरो कॅम्पर पिकअप, डबल केबिन, पांढरी. पैसे भरून झाले, परवा नंबरही लागला.

तुम्ही त्यांना शब्द दिला होता, हे मला ठाऊक आहे. तुमचा शब्द म्हणजे काय, ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्या सरकीच्या व्यवहारात आपलं नुकसान झालं तरी तुम्ही मागे फिरला नाहीत, आणि आईनं तेव्हा हातातल्या बांगड्यांबद्दल एकदाही विचारलं नाही. म्हणून हे पत्र लिहिताना हात जड होतो आहे. पण आधी सगळं वाचा, मग रागवा.

गाडी बघायला मी दोनदा गेले. पहिल्यांदा कळवून गेले, तर काकांच्या ड्रायव्हरनं इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं. बॉनेटला हात लावला तेव्हाच कळलं. गार इंजिन पहिल्या फेरीत कसं उठतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, ते तुम्हीच शिकवलंत ना मला, निळा म्हणजे ऑइल जळतंय म्हणून. दुसऱ्यांदा न कळवता सकाळी सातला पोचले. तेव्हा धूर निळा होता, आणि ऑइलची टोपी उघडल्यावर आतूनही वाफेसारखा धूर भसभसून येत होता. मीटरवर ६२ हजार किलोमीटर दिसत होते, पण क्लचच्या पेडलचं रबर झिजून लोखंड उघडं पडलेलं. ६२ हजारांत एवढं झिजत नाही. कप्प्यात सर्व्हिसचं एक जुनं बिल सापडलं, २०२२ चं. त्यावर ९१ हजार लिहिलेले होते.

त्यानंतर मी खाली वाकून पाहिलं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत दोन पानं वाढवलेली, आणि चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, उजव्या बाजूला वेल्डिंग, वर ताजा काळा रंग. म्हणजे गाडीनं गिट्टी नाहीतर वाळू वाहिली आहे, तीही पासिंगपेक्षा कितीतरी जास्त. इंजिन उघडून बांधता येतं, क्लच बदलता येतो, टायर तर येतातच. पण चॅसी एकदा खचली की त्या गाडीत तुम्हा दोघांना बसवून झाशी रोडवर ट्रकांच्या मधून न्यायची माझी छाती झाली नाही. खरं कारण हे एवढंच आहे.

काकांना यातलं काही माहीत असेल असं मला अजिबात वाटत नाही. गाडी त्यांच्या नावावर असली तरी चालवत होता तो ड्रायव्हर, आणि काकांच्या डोळ्यांचं तर तुम्हाला माहीतच आहे. आरसीवर बँकेचा बोजाही अजून तसाच आहे, तो मोबाईलवर सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये दिसला. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि तोवर गाडी निर्वेध आपल्या नावावर झाली नसती. हे मी त्यांना हळूच सांगितलं. ते बिचारे स्वतःच चपापले.

जुनी गाडी घेऊच नये, असं माझं म्हणणं नाही. २०१८ ची बीएस-४, म्हणजे आधीच्या प्रदूषण-नियमांची, इंजिन साधं, मिस्त्रीला हातानं कळणारं, हे तुमचं म्हणणं मला पटलेलं होतं. साडेसहा लाखांत स्वच्छ गाडी मिळाली असती, तर मी कर्जाच्या वाटेला गेलेच नसते. महिनाभर दुसऱ्या जुन्याही पाहिल्या. एकीच्या चारही टायरांवर १४२३ होतं, म्हणजे २०२३ सालचा चौदावा आठवडा, आणि मालक म्हणत होता टायर कंपनीचेच आहेत, गाडी २०१९ ची! टायरवरचे ते चार आकडे तिथे कोणी वाचत नाही, असं त्याला वाटलं असेल. अशा तीन-चार पाहिल्यावर माझा धीर सुटला.

नव्यांत सगळ्यांत आधी डोळ्यांत भरली ती टोयोटाची हायलक्स, दादाच्या मित्राकडे तुम्ही पाहिलीत ती. इंजिन २.८ लिटरचं, २०४ अश्वशक्ती, आणि किंमत तिशीच्या घरात. इसुझुची व्ही-क्रॉसही मनात होती. पण दोन्ही ५ मीटर ३० सेंटिमीटरच्या आसपास लांब. मी तुमची जुनी टेप घेऊन जनकगंजातली आपली गल्ली मोजली, वळणापासून दारापर्यंत. शेजारच्या ओट्यापाशी गाडी एका दमात वळलीच नसती, रोज मागे-पुढे करावं लागलं असतं, आणि पावसाळ्यात गल्लीत पाणी असताना तर विचारूच नका. कॅम्पर पाच मीटरच्या आत आहे. ती वळते. वळवून पाहिली.

शिवाय आपल्याला डाल्यात वजन हवं. (दादा आता पुण्याचा झाला, तो ‘हौदा’ म्हणतो. मी डालाच म्हणणार.) कॅम्पर टनभर माल घेते. मटाराच्या हंगामात लक्ष्मीगंज मंडीत रोज पहाटे जायचं तर भाड्याच्या गाडीचीच वाट पाहण्यात माझा भाव निघून जातो. गेल्या महिन्यात दोनदा तसं झालं, तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. इंजिन अडीच लिटरचं, अश्वशक्ती ७५ च्या आसपास, वेगानं पळणारं नाही. पण जौरासीच्या घाटीत भरल्या गाडीनं मी ती चढवून पाहिली आहे, दम लागला नाही. फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली नाही. पावसात शेवटची वाट चिखलाची आहे हे खरं, पण तिथे ट्रॅक्टर आहेच, तेवढ्यासाठी जादा पैसे कोण घालणार? आणि डबऱ्यात कोणत्याही मिस्त्रीला ही गाडी डोळे मिटून उघडता येते.

मेळ्याचं म्हणाल, तर बाबा, तुम्हीच म्हणत होतात की मेळा आता मेळा राहिला नाही. पण यंदाही मेळ्यात रस्ता कर निम्मा आहे. हलक्या मालवाहू गाड्यांनासुद्धा. अट एवढीच की मेळ्यात विक्री लावलेल्या डीलरकडूनच घ्यायची आणि कायमची नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओतच करायची. ही सूट जुन्या गाडीला नाही. माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ मध्ये जनावरांसाठी भरवलेला हा मेळा, आजोबांनी तिथून बैलजोडी आणली होती, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत! गाडीची किल्ली हातात घेताना मला तीच बैलजोडी आठवली.

कर्जाचं सांगते. चार लाख माझ्या मटाराचे आणि रोपांचे, साडेसहा लाख बँकेचे, पाच वर्षं. हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास. गाडीभाड्याचा जो खर्च मी दर महिन्याला करत होते, त्यात हा बहुतेक निघतो. कर्ज माझ्या एकटीच्या नावावर आहे. तुमच्या पेन्शनला, आईच्या पोस्टातल्या पैशाला कोणी हात लावलेला नाही, लावणारही नाही.

मालवाहू गाडी म्हणून नंबराची पाटी पिवळी आहे, तेव्हा ‘तुझं लायसन्स चालेल का’ हा प्रश्न तुम्ही विचारणारच. चालतं. गेल्या नोव्हेंबरमध्येच सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. आपली तर भरून तीन टनांच्याही आत आहे, म्हणून परमिटही लागत नाही. गाडीची फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. तारखा मी आईच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवल्या आहेत. नवं डिझेल इंजिन म्हणजे काजळी गाळायची जाळी आली, ती गावातल्या गावात फिरवलं की तुंबते, मोकळ्या रस्त्यावर पळाली की काजळी आपोआप जळते. आपला मळा ४०-४५ किलोमीटर, रोजची ये-जा. गाडीला तेच हवं.

आता आई, तुझ्यासाठी. तुला पुढच्या सीटवर बसवायचं म्हणून मी आधी स्वतः तिथे अर्धा तास बसून पाहिलं. एसी आहे, त्यामुळे टेकनपूरपर्यंतची धूळ आणि ट्रकांचा धूर आत येणार नाही, तुला मळमळणार नाही. मागची सीट थोडी सरळ आहे, ते मान्य करते, पाठीला टेकायला म्हणून तुझ्या जुन्या नऊवारीचं कव्हर घालून एक लोड शिवून घेतला. बाबांच्या गुडघ्यासाठी खाली जादा पायदान लावलं, आता पाऊल वीतभरापेक्षा जास्त उचलावं लागत नाही. आत चढताना धरायला कडीही आहे. डाव्या हातानं ती कडी धरायची आणि चांगला पाय आधी टाकायचा. फिजिओवाल्या बाईंनी जिन्यासाठी सांगितलंय तसंच.

काल संध्याकाळी मळ्यावरून एकटी येत होते. मागे चटईवर कोबीची रोपं, आणि अचानक त्या थंडीत मला जुन्या टाटाचा डाला आठवला. मोहरीची पोती, त्यावर आईची गोधडी, आणि गोधडीत मी आणि दादा. वर तारे. सिथौलीच्या फाटकाशी गाडी थांबली की तुम्ही मागची काच ठोकून विचारायचात, “छोटी, झोपलीस?” मी जागी असायचे, पण उत्तर द्यायची नाही, कारण झोपले असं वाटलं की तुम्ही मला उचलून माडीवर न्यायचात. दादाला चालत जावं लागायचं. हे त्याला अजून सांगू नका.

ती टाटा मी विकलेली नाही. मळ्यावर कडुलिंबाखाली आहे, वर ताडपत्री टाकली आहे. तिचं काय करायचं ते तुम्ही आल्यावर तुम्हीच ठरवा. मी तिच्याबद्दल कोणाशीही बोलणार नाही.

काकांकडे मी काल परत गेले होते, मुरैन्याची गजक घेऊन. सरळ सांगितलं की बाबांनी शब्द दिला होता, तो बाबांनी मोडला नाही, मी मोडला. गाडी मी चालवणार होते, त्यामुळे नाही म्हणण्याची जबाबदारीही माझीच. त्यांनी गजक ठेवून घेतली. बोलले कमी.

आता ऐका. बाबांनी मांडी घालून जेवायला बसायचं नाही, दादानं कितीही हौसेनं पाट मांडला तरी. व्यायाम दिवसातून तीनदा, ‘उद्या करतो’ नाही. कागदावर रोज टिकमार्क करून वहिनीला फोटो काढू द्या, ती मला पाठवते. आईनं लोणचं आणि पापड बंद म्हणजे बंद, ‘चवीला’सुद्धा नाही. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी दादाला सांगायचं, संपल्यावर नाही. परत यायची घाई करू नका, डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय झेलम एक्सप्रेसचं तिकीट काढायचं नाही. आणि काढाल तेव्हा खालचे बर्थ आणि एसी, यावर मला वाद नको आहे. स्टेशनवर मी गाडी घेऊन येईन. तिथून आधी घरी, आंघोळ, वरण-भात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जौरासीच्या मारुतीला नारळ फोडायला. पूजा तुमच्यासाठी थांबवली आहे. तोवर फक्त लिंबू-मिरची बांधली आहे, तीही शेजारच्या आजींनी.

बाबा, रागावला असाल तर तसं लिहा. आईकडून निरोप पाठवू नका. तुमच्या हाताचं अक्षर मला चालेल, रागाचं असलं तरी.

तुमची,
छोटी

ता. क. पत्र बंद करतच होते, तेवढ्यात काकांचा फोन आला. पंधरा मिनिटं बोलले. तुमच्या गुडघ्याची सगळी चौकशी केली, टाके निघाले का, रात्री झोप लागते का, पुण्यात थंडी आहे का. गाडीबद्दल एक अक्षर नाही. बाबा, तुम्ही त्यांना फोन करा. आजच करा.