ड्रमच्या कडेवर हातोडा नको

संपादक महोदय,

पावसाळाभर उभी असलेली अ‍ॅम्बेसेडर बाहेर काढली की मागचा ब्रेक ड्रम जाम झालेला सापडतो, आणि मग गॅरेजमध्ये मागच्या बाजूने कडेवर हातोडा चालू होतो. ड्रम बिडाचा, कडेचा टवका उडतो, ड्रममागची पत्र्याची बॅकप्लेट वाकते ती वेगळीच. गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले आहे. चांगला ड्रम असा घालवू नये, अशी कारागिरांना कळकळीची विनंती.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, मागच्या एक्सलखाली स्टँड देऊन चाक काढा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक सोडा. आता ड्रम हाताने फिरवून पाहा. फिरतच नसेल तर शू (आतून ड्रमवर दाबले जाणारे ब्रेकचे अर्धगोल तुकडे) गंजून चिकटलेत किंवा हँडब्रेकची केबल ओढलेलीच राहिली आहे. केबलचा नट ढिला करा, शू आणि ड्रममधले अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर पूर्ण मागे घ्या. ड्रम चार-पाच मिलिमीटर पुढे येऊन अडत असेल, तर झिजेमुळे आतल्या काठाला राहिलेल्या धारेत शू अडकतात. तिथे पुलर (ड्रम ओढून काढायचे अवजार) लावून ओढले तर स्प्रिंग तुटतात. ड्रम परत आत ढकलून अ‍ॅडजस्टर आणखी सोडावा.

ड्रम मोकळा फिरतो पण जागचा हलत नाही, तेव्हा दोष मधल्या हबवरच्या, म्हणजे ड्रम ज्यावर बसतो त्या भागावरच्या, गंजाचा. आधी ड्रमचे दोन्ही स्क्रू काढलेत ना, हे तपासा. रंग आणि चिखलाखाली ते दिसतही नाहीत. साध्या पेचकसने खाच जाते, हातोड्याच्या ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हरच वापरा. मग हब आणि ड्रममधली फट तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर थांबा. ही रात्र वाचवण्याच्या घाईतच बहुतेक ड्रम फुटतात. सकाळी दोन व्हीलनट चार आटे लावून ठेवा, म्हणजे ड्रम सुटला तरी पायावर येणार नाही. स्टडांच्या, म्हणजे व्हीलनट बसतात त्या बोल्टांच्या, मधल्या सपाट भागावर लाकूड धरून ठोका, प्रत्येक ठोक्यानंतर ड्रम पाव फेरा फिरवा. नुकतेच तेल मारलेल्या जागी गॅसची ज्योत मुळीच नेऊ नका.

आतली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घर्षणाच्या पट्टीत) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. बसवताना हबचा काठ पॉलिशपेपरने घासून कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या, लायनरला मात्र ते लागू देऊ नका. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका. गिअर टाका आणि चाकांना ठोकळे लावा.

— जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीतला एक वाचक, कोल्हापूर