समीरच्या खोलीबद्दल

ती. आई-बाबा,
सा. न.

शनिवारी पुण्यात समीरबरोबर वनआरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) बघायला निघाल, म्हणून आधीच लिहिते. बाबा, नऊ हजारांच्या वर जायचं नाही हे तुमचं ठरलंय, ते ठीकच. पण भाड्यात पाणी, लाइट बिल आणि रोजचं जाणं-येणं मिळवा, मग तुलना करा.

समीरचं ऑफिस शिवाजीनगरला. तेव्हा दापोडी, फुगेवाडी, कासारवाडी आधी बघा. मेट्रो थेट आहे. कोथरूडकडून आलं तर सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी लागते. धायरीत खोल्या पुष्कळ, पण आधी बस आणि मग स्वारगेटहून मेट्रो, रोज कोण करणार? पेठेतल्या वाड्यातली खोली मोक्याची असते. तिथे संडास स्वतंत्र की सामायिक, हे जिना चढायच्या आधी विचारा.

आई, ओटा-मोरी तू बघशीलच. नळ मात्र सकाळी सोडून बघ. पंधरा लिटरची बादली भरायला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागली तर धार कमी समजायची. कॉर्पोरेशनचं पाणी किती वाजता येतं, टँकर आला तर पैसे कोण देतं, हे मालकाला न विचारता शेजारच्या भाडेकरूला विचार. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने, हे अधूनमधून चालतंच. इमारतीची टाकी तेवढं निभावते का, तेही त्यालाच विचार. आणि एखाद्याच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर तिथे हात लावून बघ. ओल असते.

लाइटचं नीट ऐका. एका मीटरवर चार खोल्या असल्या की सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात, बिल वरच्या दराच्या टप्प्यात जातं, आणि कमी वापरणाऱ्यालाही तोच चढा दर पडतो. म्हणून महावितरणचा स्वतंत्र मीटर असेल तर भाडं चार-पाचशेने जास्त असलं तरी मी तीच खोली घेईन. सबमीटर, म्हणजे मालकाने खोलीपुरता लावलेला मीटर, असेल तर युनिटचा दर लिहून घ्या आणि ताबा घेताना रीडिंगचा फोटो काढा. तीन किलोवॉटचा गिझर वीस मिनिटं चालला की एक युनिट, म्हणजे महिन्याला तीस.

बाबा, कागदपत्रं तुमच्याकडे. नोटरीवर भागवू म्हणाले तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. मालकाला हे सांगितलं की तो आपणच तयार होतो. खर्चही फार नाही. नऊ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, अकरा महिने: भाड्याचे 99,000, डिपॉझिटवर दहा टक्के दराने धरलेलं व्याज 2,750, आणि या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे अडीचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी 1,000. बाकी एजंट घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येण्याचे जे घेईल ते.

सोडताना "रंगाचे" म्हणून एक महिन्याचं भाडं कापायची इथे रीतच पडली आहे. कापणार की नाही, किती, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात घाला. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात खोली सोडता येत नाही तो, किती महिन्यांचा आहे तेही वाचा. डिपॉझिट बँकेतूनच द्या, रोख नको. एजंट एक महिन्याचं भाडं मागेल. अकरा महिन्यांनी नूतनीकरणाला पुन्हा मागणार का, हे आजच बोलून घ्या.

आणि खोली बघितल्याशिवाय टोकन नाही. मालक परगावी आहे, पैसे परत पाठवतो, हा कोड स्कॅन करा, असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. स्कॅन केल्याने पैसे जातात, येत नाहीत.

आई, गोदरेजचं कपाट पाठवायचं तूर्त राहू दे. समीरला मोजायची टेप न्यायला सांग. दारापेक्षा जिन्याचं वळण मोजायचं, कपाट अडकतं ते तिथेच.

तुमची,
सई